गाडी बसली!

आपल्या मराठीत ‘बसणे’ हे क्रियापद दिसायला गरीब असलं तरी फार घातकी आहे. पाहुणा बसला तर चहा टाकावा लागतो, आवाज बसला तर खडीसाखरेवर भागतं, धंदा बसला तर कर्ज काढावं लागतं आणि घर बसलं तर बसायलाच काही उरत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र मी निर्धास्त होतो. गाडी चुकते, गाडी बंद पडते, गाडी रुळावरून घसरते, इतपत मला माहीत होतं. पण गाडी ‘बसते’ हे ज्ञान मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी साडेसहा वाजता, सोसायटीच्या रखवालदाराकडून प्राप्त झालं.

“साहेब, तुमची गाडी बसलीय.”

मला वाटलं, पंक्चर असेल. खाली जाऊन पाहतो तो चारही टायर टम्म फुगलेले, आणि गाडी मात्र पुढच्या डाव्या कोपऱ्यावर जमिनीला टेकलेली. म्हैस चिखलात बसताना आधी पुढचे गुडघे टेकते ना, अगदी तशी. भोवती दूधवाला, पेपरवाला आणि दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर अंत्यदर्शनाला जमल्यासारखे उभे होते. हेडमास्तर म्हणाले, “परदेशी आहे ना? हवा मानवली नसेल.”

मास्तरांनी हे विनोदाने म्हटलं होतं. पुढे कळलं की ते वैद्यकीय निदान होतं.

पण आधी ही गाडी माझ्या दारात आली कशी, ते सांगायला हवं. मी बँकेत लेखनिक आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या पैशाकडे पाहून आयुष्य काढणारा माणूस. आमचे आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षांपैकी निम्मी वर्षं त्यांनी माळशेज घाटात काढली. त्या काळच्या एसटीला कमानपाटे असत. ते पाटे कधी मोडत नसत. मोडायचे ते ड्रायव्हरचे मणके. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आप्पांना रिक्षातून डोंबिवलीच्या स्टेशनापर्यंत नेलं तरी परत आल्यावर दोन दिवस शेक द्यावा लागतो. डॉक्टर म्हणाले, “यांना हिसके बसता कामा नयेत.” डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे माशाला अंग कोरडं ठेवायला सांगण्यासारखं आहे.

त्याच सुमारास जुन्या गाड्यांच्या एका चकचकीत दालनात मला ती दिसली. दहा वर्षांची जर्मन गाडी. नवी होती तेव्हा सत्तर लाखांची. आता अकरा लाख फक्त. विक्रेता मोठा गोड माणूस. त्याने मला तीनदा ‘सर’ म्हटलं. बँकेत मला ‘ओ, शुक शुक’ म्हणतात. तो म्हणाला, “सर, इतक्या पैशात लोक नवी डबडी घेतात. तुम्ही महाल घ्या. एअर सस्पेन्शन आहे. लोखंडी स्प्रिंगाच नाहीत. हवेवर चालते.”

मी बी.कॉम. माणूस. मनातल्या मनात लगेच घसारा काढला. आयकराच्या हिशोबात मोटारीला वर्षाला पंधरा टक्के घसारा धरतात. सत्तर लाखांवर दहा वर्षं घटत्या बाकीने लावला तर उरतात पावणेचौदा लाख. म्हणजे अकरा लाखांत मला पावणेतीन लाख वर मिळत होते! बी.कॉम.ला घसारा शिकवतात, पण घसरायचं कधी नाही ते शिकवत नाहीत. मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या दोन मुदतठेवी मी मोडल्या. ‘मुदतीआधी मोडू नका, व्याज बुडेल,’ असं मी लोकांना गेली बावीस वर्षं सांगतो आहे. त्या दिवशी मला तसं सांगायला काउंटरपलीकडे कुणी नव्हतं, कारण तिथे मीच बसलो होतो.

ही गाडी आप्पांच्या कमरेसाठी घेतली, असं मी सगळ्यांना सांगितलं. वाचकांपासून काय लपवायचं? ती मी माझ्या मानेसाठी घेतली. सोसायटीत शिरताना मान जरा ताठ राहावी, एवढीच इच्छा होती.

पहिले दहा महिने खोटं कशाला बोलू, स्वर्ग होता. या गाडीत प्रत्येक चाकावर पोलादी स्प्रिंगेच्या जागी रबराची एक पिशवी असते. तिच्यात हवा कोंडलेली. गाडीत एक छोटा काँप्रेसर ही हवा पुरवतो, चाकांजवळचे सेन्सर उंची मोजतात, आणि एक संगणक कुठल्या पिशवीत किती हवा ठेवायची ते ठरवतो. एक माणूस बसो की पाच बसोत, गाडीची उंची तीच. खड्ड्यातून जाताना गाडी ‘आई गं’ न म्हणता ‘बरं बरं’ म्हणते. आप्पांना घेऊन मी ठाण्याला जाऊन आलो. घरी आल्यावर ते आपल्या पायांनी दोन जिने चढले. फक्त उतरताना त्यांनी वाकून चाकामागे पाहिलं आणि विचारलं, “याला पाटे कुठे आहेत?”

“पाटे नाहीत, आप्पा. हवा आहे.”

“हवा गेली म्हणजे?”

आप्पा सातवी शिकलेले. हा प्रश्न मला बी.कॉम. होऊनही अकरा लाख मोजण्यापूर्वी सुचला नव्हता.

तर त्या मंगळवारी हवा गेली. गंमत अशी, की किल्ली फिरवून इंजिन चालू केलं तर पाच मिनिटांत गाडी पुन्हा उठून उभी राहिली. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दालनातल्या त्या गोड माणसाने मला गाडी पाहायला बरोबर अकरा वाजता बोलावलं होतं, आणि मी पोहोचलो तेव्हा इंजिन कोमट होतं. मुलगी दाखवताना हळद लावतात तशी त्याने गाडीला आधी हवा भरून ठेवली होती.

अधिकृत वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे मला कॉफी दिली. जिथे न मागता कॉफी मिळते तिथून माणसाने तसंच मागे फिरावं, हा माझा आता नियम आहे. एका तासाने पांढऱ्या सदऱ्यातल्या तरुणाने एस्टिमेट आणलं. पुढचे दोन स्ट्रट, प्रत्येकी एक लाख पंचेचाळीस हजार. मागच्या दोन पिशव्या, प्रत्येकी पंच्याऐंशी हजार. काँप्रेसर एक लाख दहा हजार. व्हॉल्व्हचा ठोकळा चाळीस हजार. मजुरी, रिले आणि किरकोळ मिळून पन्नास हजार. एकूण सहा लाख साठ हजार, करासकट. त्याच्या ‘किरकोळ’मध्ये माझा महिन्याचा पगार बसत होता.

“अहो, पण बसलाय तो एकच कोपरा!”

“सर, एका वयाच्या पिशव्या एकदमच जातात. आणि पिशवी गळायला लागली की काँप्रेसर ती भरत बसतो. सारखा चालून तापतो आणि जळतो. तुमचा जळत आलाय.”

हे त्याचं खरं होतं, हे मी कबूल करतो. दुखणं जडलं की माणूस त्या दुखण्यावर वाचत सुटतो, तसा मी वाचत सुटलो. रबर आहे, त्याचं वय होतं; उन्हाने, उष्णतेने ते वाळतं, घडीवर चिरतं. आधी रात्रभरात थोडी हवा जाते. काँप्रेसर ती गुपचूप भरून काढतो, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही. हवेतला दमटपणा शोषायला काँप्रेसरजवळ एक सुकवणी असते, जास्तीच्या कामाने तीही भिजून निकामी होते आणि पाणी व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतं. म्हणजे एका चिरेचं बिल पाच जणांच्या नावे पडतं.

आता माझं खरं भांडण सुरू होतं, आणि ते हवेशी नाही. हवेच्या स्प्रिंगा वाईट नाहीत. शिवनेरीच्या खाली हवेच्याच पिशव्या आहेत आणि ती रोज एवढी माणसं घेऊन पुण्याला जाते. मुंबईच्या नव्या लोकलच्या डब्यांखालीही हवेच्या स्प्रिंगा आहेत. दाराला लोंबकळणाऱ्या गर्दीसकट डबा ज्या हवेवर तरंगतो, तिच्यावर मी मासिक पासात वर्षानुवर्षं तरंगतो आहे आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मग बसला परवडतं ते गाडीला का परवडू नये? आप्पांनी डेपोतल्या एका जुन्या ओळखीच्या मेकॅनिकला विचारून उत्तर आणलं. बसमध्ये पिशवी वेगळी आणि शॉकअप वेगळा. पिशवी फाटली, पिशवी बदलली, संपलं. आमच्या राजेशाही गाडीत पुढच्या चाकांना पिशवी आणि शॉकअप एकाच नळकांड्यात घट्ट शिवून टाकलेले. रबर फाटलं की चांगला शॉकअपही भंगारात. सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून शिंप्याने “नवा सूट घ्या” म्हणावं, त्यातला हा प्रकार.

आणि याला इलाज नव्हता असंही नाही. फ्रान्समध्ये १९५५ साली सित्रोएनने डीएस नावाची गाडी काढली. तिला तेल आणि नायट्रोजन वायूचे गोळे होते. गोळ्यातला वायू गेला की पाना लावून गोळा फिरवायचा, काढायचा, दुसरा लावायचा. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी ज्यांनी गाडी वायूवर तरंगवली, त्यांना ती दुरुस्तही करावी लागेल याची आठवण होती. उलट अमेरिकेत १९५७ साली कॅडिलॅकने तेरा हजार चौऱ्याहत्तर डॉलरची ‘एल्डोराडो ब्रोहॅम’ हवेच्या स्प्रिंगांवर बसवली. ती गळू लागली आणि अनेक मालकांनी हवा काढून मुकाट्याने पोलादी स्प्रिंगा घातल्या. श्रीमंतांनी एवढं केल्यावर आमच्यासारख्यांनी यातून शहाणपण शिकायला हरकत नव्हती. पण श्रीमंतांकडून आपण फक्त गाडीच घेतो.

आता घसाऱ्याकडे परत येतो, कारण माझी खरी फसगत तिथे झाली. गाडीची किंमत सत्तर लाखांवरून अकरा लाखांवर आली. पण तिच्या पिशवीची किंमत कुठे खाली आली? गाडी म्हातारी झाली, सुटे भाग मात्र चिरतरुण. सहा लाख साठ हजार ही रक्कम पहिल्या मालकाच्या सत्तर लाखांत दहा टक्केसुद्धा नाही. माझ्या अकरा लाखांत ती साठ टक्के आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण मला पाठ होती. पण कोंबडी एके काळी सोळा आण्यांची होती, म्हणून मसाला अजून त्याच भावाने मिळतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. जुनी गाडी अकरा लाखांची नसते. ती सत्तर लाखांचीच असते. फक्त तिच्यात शिरायचं तिकीट अकरा लाख असतं.

बँकेत हे सांगितलं तर आमचे सहकारी म्हणाले, “ऐपत नव्हती तर घ्यायची कशाला?” यातला निम्मा दोष मी माझ्या नावे टाकतो. मान ताठ ठेवायचा मोह माझाच होता. पण उरलेला निम्मा कुणाच्या खाती टाकायचा? सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू द्यायची नाही, ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये याच कारणावरून चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. मग रीतीप्रमाणे अपिलं झाली. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि तिच्या यादीत मोटारीही घातल्या. समिती नेमली गेली म्हणजे दुखणं सरकारमान्य झालं, असं आम्ही बँकेतले लोक समजतो.

शेवटी मी एका पत्र्याच्या गॅरेजात गेलो. तिथल्या वयस्कर मिस्त्रीने कॉफी दिली नाही. फवाऱ्यात साबणाचं पाणी भरलं आणि पिशवीवर मारलं. एका घडीवर लहान मुलं फुगे काढतात तसे फुगे आले. “ही बघा तुमची सहा लाखांची भानगड,” तो म्हणाला. त्याच्याकडे दोन उपाय होते. दुरुस्त केलेला स्ट्रट अडतीस हजाराला, एक वर्षाच्या बोलीने. दुसरं वर्ष देवाच्या बोलीने. किंवा चारही चाकांना साध्या पोलादी स्प्रिंगा. मग गाडी बसणार नाही, पण तरंगणारही नाही, आणि संगणक हवेच्या आठवणीने डॅशबोर्डवर लाल दिवा लावून बसेल.

आणि तिसरा उपाय फोनवरून आला. दालनातला तो गोड माणूस म्हणाला, “सर, परत आमच्याकडे आणा. साडेआठ लाख देतो. आम्ही बघतो पुढचं.” पुढचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. कुणा एका शनिवारी, बरोबर अकरा वाजता, कोमट इंजिनाजवळ कुणीतरी माझ्यासारखाच उभा राहणार होता. साडेआठ लाख! मुलीची एक ठेव जवळजवळ पूर्ण भरून निघत होती. रात्री जेवताना मी हे सहज बोलावं तसं बोललो. हिने ताटातून मान वर केली नाही. मुलगी म्हणाली, “मग द्या ना, बाबा.” आप्पा मात्र हात धुऊन आले आणि म्हणाले, “माझ्या गाडीचा ब्रेक लागत नसला तर मी डेपोत पुस्तकात लिहून द्यायचो. दुसऱ्या दिवशी तीच गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला मिळायची, म्हणून.” एवढं बोलून ते शेकाची पिशवी घेऊन आडवे झाले.

मीही लिहून दिलं. पुढचा डावा स्ट्रट गळतो, काँप्रेसर थकला आहे, एस्टिमेट सोबत जोडलं आहे, असा कागद करून गाडी विकायला काढली. लग्नाच्या वरातींना गाड्या पुरवणाऱ्या एकाने ती पावणेपाच लाखांना नेली. वरातीची गाडी बैलगाडीच्या वेगाने चालते, तेव्हा तो पोलादी स्प्रिंगा घालणार आहे. सव्वासहा लाखांचा खड्डा माझ्या खात्यात आहे आणि तो कुठल्याही सस्पेन्शनने भरून निघणारा नाही. मुलीची एक ठेव आता दर महिन्याच्या आवर्तीने पुन्हा उभी राहते आहे, इंजिन चालू केल्यावर ती गाडी उठायची त्यापेक्षा बरीच सावकाश.

तेव्हा माझं मागणं थोडकं आहे. जुनी गाडी विकणाऱ्याने ती रात्रभर उभी ठेवून सकाळी थंडी दाखवावी. पिशव्या आणि काँप्रेसर किती वर्षांचे आहेत आणि आज नवे केवढ्याला मिळतात, ते विक्रीच्या कागदावर छापावं. विड्यांच्या बंडलावर धोका छापतात, तसंच. आणि गाडी बनवणाऱ्यांनी रबर फाटलं तर नुसतं रबर विकावं. यातलं काहीच होणार नसेल, तर निदान वाचकांनी एवढं करावं: विक्रेता अकरा वाजता बोलावतो तेव्हा सकाळी सात वाजता न सांगता जावं, बॉनेटला हात लावून पाहावा आणि चारही चाकांवरच्या फटीत बोटं घालून मोजावं. आणि हिशोब करताना जुन्या गाडीची किंमत धरू नये, नव्या गाडीची दुरुस्ती धरावी. ती परवडत असेल तरच मान ताठ करावी.

गेल्या महिन्यात आप्पांना पुण्याला भाचीच्या लग्नाला जायचं होतं. मी भीत भीत विचारलं, “टॅक्सी करू का?” त्यांनी मला हातानेच थांबवलं. ठाण्याहून ते शिवनेरीत बसले. रात्री पुण्याहून त्यांचा फोन आला.

“कंबर कशी आहे, आप्पा?”

“कंबर झकास. अरे, तुझ्या त्या गाडीसारखीच चालते की ही. हवेवर. आणि पंचाहत्तरीपुढे आहे म्हणून तिकीटसुद्धा लागलं नाही.”

मी फोन ठेवला आणि मटकन खाली बसलो.